आगरातून गेलेली 11 केव्ही लाइन, तारेला लागणारा माड आणि आंबा: कुणी, कधी, कसं तोडायचं?

आगरवासी (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. जाणत्यांचा सल्ला हवा आहे.

आमचं घर आजेसासऱ्यांच्या हातचं. आगरात माड, पोफळी, दोन रायवळ आंबे आणि थोडी हापूसची कलमं. पाखाडीच्या (दगडी पायवाटेच्या) कडेने 11 केव्हीची लाइन गेली आहे, त्याच पोलांवर खाली घरगुती लाइन. ही लाइन सासऱ्यांच्या तरुणपणी आली. कडेचा माड आणि मोठा रायवळ त्याच्या आधीपासून उभे आहेत, हे वाडीतले म्हातारे अजून सांगतात.

माड आता तारेकडे कलला आहे. वारा सुटला की झावळ वरच्या तारेला लागते. रात्री ठिणग्या दिसतात, चर्रर्र आवाज येतो, पण वीज काही जात नाही. माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली खालूनच बघून परत गेला, म्हणाला, हा माड मी चढणार नाही. शेजारच्या भाऊंचं म्हणणं, बांबूला कोयता बांधा आणि खालूनच झावळ उतरवा, पूर्वी सगळे तसंच करायचे. मला ते पटत नाही, पण दुसरा मार्गही सुचत नाही.

रायवळ आंब्याची तऱ्हा वेगळी. गेल्या मे महिन्यात पावसाळ्यापूर्वीच्या कामासाठी ठेकेदाराची मुलं आली आणि तारेकडची बाजू त्यांनी सपाट तासून टाकली. हातभर लांबीचे खुंट राहिले. त्या खुंटांवर धुमारे फुटून आता पुन्हा तारेजवळ पोचलेत, आणि एका खुंटातून लाकडाचा भुसा गळतो आहे. शिवाय एका कलमाची फांदीही तारेच्या दिशेने चालली आहे. तिच्यावर कैऱ्या धरल्यात, सुपारीएवढ्या.

तोडायची जबाबदारी कुणाची? माड जाणार असेल तर काही भरपाई मिळते का? कलमाची फांदी मे अखेरपर्यंत थांबवता येईल का? आणि तिथे पुन्हा काय लावावं? सासऱ्यांचा त्या माडावर फार जीव आहे, म्हणून नीट विचारून मगच काय ते करायचं आहे.

---

निवृत्त वायरमन (दापोली)

ताई, पहिली गोष्ट आजच करा. त्या माडाखाली गुरं बांधत असाल तर ती हलवा, आणि मुलांना सांगा, माडाच्या बुंध्याला हात लावायचा नाही. पाडेलीने तुमच्यावर उपकार केलेत. भाऊंना माझा नमस्कार सांगा आणि बांबू-कोयता घरात ठेवायला सांगा.

कारण सांगतो. 11 केव्ही म्हणजे दोन तारांमधला दाब 11,000 व्होल्ट, आणि एका तारेपासून जमिनीपर्यंत 6,350. ओली झावळ आतून पाण्याने भरलेली असते. समुद्राकाठी तिच्यावर खाऱ्या वाऱ्याचं मीठही बसतं. एवढ्या दाबाला तेवढी वाट पुरते. बांबू वरून कोरडा दिसला तरी पेरात ओल असते, आणि दहिवर पडलेल्या सकाळी तर विचारायलाच नको. माणसाने तारेला हात लावावाच लागतो असंही नाही, अगदी जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. आंबे काढायची लांब घळ, ॲल्युमिनियमची शिडी, पंपाचा पाइप उभा करून नेणं, यांनी आमच्या किनाऱ्यावर माणसं गेली आहेत. खालची घरगुती लाइन 230 व्होल्टची असली तरी तीही माणूस मारते. तिला कमी लेखू नका.

आता ठिणग्या उडूनही वीज का जात नाही ते. तार सरळ ओल्या जमिनीला चांगली टेकली तर भरपूर करंट वाहतो, सबस्टेशनमधल्या रिलेला, म्हणजे बिघाड ओळखणाऱ्या यंत्राला, तो कळतो आणि ब्रेकर पडून लाइन बंद होते. झाड मधे आलं की झाडाचा रोध मोठा. करंट थोडाच वाहतो, रिलेला जेवढा दिसायला हवा तेवढा तो होतच नाही. म्हणजे वीज चालू आहे याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, उलट धोका लपून राहतो. दर ठिणगीला ॲल्युमिनियमच्या तारेची एखादी लड भाजत असते. एक दिवस ती तार तुटते.

आणि आपल्याकडे ती पडते जांभ्यावर. उन्हाळ्यात कोरडा कातळ विजेला जमिनीत उतरू देत नाही, त्यामुळे तुटलेली तार खाली पडूनही जिवंत राहू शकते. एकदा वीज जाऊन तार शांत झाली असं वाटलं तरी थांबा. सबस्टेशनवरून थोड्या वेळाने ट्रायल घेतात, म्हणजे लाइन पुन्हा चालू करून बघतात, तीच तार पुन्हा चार्ज होते. तुटलेली तार दिसली तर दहा मीटर लांब राहायचं, दोन्ही बाजूंनी वाट अडवायची, 1912 ला आणि शाखा कार्यालयाला फोन करायचा. लाकडाने बाजूला सारायची नाही.

तोडायचं कुणी, यावर माझं मत पक्कं आहे. तारेपर्यंत पोचलेली फांदी ही वीज कंपनीच्या माणसांच्या हजेरीतच तुटली पाहिजे, मग कोयता कंपनीच्या मजुराचा असो की तुमच्या पाडेलीचा. झाड चढण्यात पाडेलीच्या तोडीचा माणूस नाही, माडाचं काम त्यालाच द्यावं. पण त्याच्या पायाखालचं काम आधी वायरमनने करायचं.

ते काम म्हणजे नुसतं "बटन बंद केलं" नव्हे. सबस्टेशनकडून रीतसर परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची परवानगी, घ्यायचं. जवळचा एबी स्विच (लाइन तोडणारा पोलवरचा मोठा खटका) उघडायचा आणि कुलूप लावायचं. स्विचच्या तिन्ही पात्या खरंच सुटल्या का ते डोळ्यांनी बघायचं, कारण खाऱ्या हवेत एखादी पाती गंजून अडकलेली असते. मग टेस्टरने तार तपासायची, तारेत उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावायचा आणि कामाच्या दोन्ही बाजूंना तिन्ही तारा एकत्र बांधून अर्थ करायच्या, म्हणजे जमिनीला जोडायच्या. दोन्ही बाजूंना हे मुद्दाम लिहितो. वाडीत कुणी लग्नाला जनरेटर आणलेला असतो, कुणाच्या इन्व्हर्टरची जोडणी चुकीची असते, आणि ती वीज डीपीतून (वाडीच्या ट्रान्सफॉर्मरमधून) उलटी चढून बंद लाइनवर 11,000 व्होल्ट आणते. खालची घरगुती लाइनही त्याच वेळी बंद करून अर्थ करायची. तारेला अडकवलेली अर्थिंगची साखळी तुमच्या डोळ्यांना दिसेपर्यंत पाडेलीला खोडाला हात लावू देऊ नका. कुणी घाई केली तर काम थांबवा. तो तुमचा हक्क आहे.

भरपाईचं. विद्युत अधिनियम 2003 चं कलम 68 बघा. लाइनला अडथळा करणारं झाड काढायला कंपनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे गावाकडे बहुधा तहसीलदारांकडे, अर्ज करू शकते, आणि ते तसा आदेश देऊ शकतात. त्याच कलमात पुढे आहे की झाड लाइनच्या आधीपासून उभं असेल तर झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई ठरवून द्यायची आणि ती कंपनीकडून वसूल करता येते. लाइन आधी आणि झाड नंतर असेल तर हे कलम भरपाई देत नाही. म्हणून तुमचा माड आधीचा, याला महत्त्व आहे. जुना सातबारा काढा, त्यात पीकपाहणीला माडांची नोंद असते. घराचे जुने फोटो शोधा. वाडीतल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं कागदावर घ्या. हे सगळं झाड उभं आहे तोवर करायचं.

अर्ज लेखी द्या, शाखा कार्यालयात, आणि पोच घ्या. पोलवर रंगवलेला नंबर, फीडरचं (सबस्टेशनमधून निघालेल्या लाइनचं) नाव माहीत असल्यास तेही, आणि ठिणग्यांचा लांबून काढलेला व्हिडिओ जोडा. "झाड लागतंय" अशा शंभर तक्रारी येतात. "अमुक पोल ते अमुक पोल, माडाची झावळ वरच्या तारेला लागते, रात्री ठिणग्या" असं लिहिलं की काम कुठल्या गाळ्यात (कुठल्या दोन पोलांच्या मधे) आहे ते वायरमनला जागेवरूनच कळतं.

---

कलमवाला (देवगड)

वायरमनकाकांनी विजेचं सगळं सांगितलंच आहे, मी झाडाचं सांगतो.

माड छाटता येत नाही. आंब्याला, फणसाला डोळे असतात, कुठेही कापा, बाजूने फुटतो. माडाला वाढीचा एकच कोंब, शेंड्याच्या पोटात. शेंडा उडवला की माड मेला. झावळ काढत राहू म्हटलं तर चांगला माड वर्षाला बारा-चौदा नव्या झावळ्या काढतो, एकेक झावळ चार-पाच मीटर, आणि प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय (फुलोरा). म्हणजे झावळ गेली की नारळाची पेंडही गेली. तारेकडे कललेला माड वर्षातून तीनदा लाइन बंद करून सोलत बसण्यापेक्षा तो एकदाच, नीट, भरपाई घेऊन उतरवावा असं मला वाटतं. आजेसासऱ्यांच्या हातचा माड आहे हे समजतं, तरीही. त्याचे नारळ आजच रोप करायला टाका. तोच वाण आगराच्या आतल्या बाजूला उभा राहील.

आंब्याच्या बाबतीत मात्र त्या मुलांनी जे केलं त्याचा मला मनापासून राग येतो. भिंत तासल्यासारखी एक बाजू तासली की झाड घाबरं होतं आणि प्रत्येक खुंटावर डझनभर धुमारे फेकतं. ते सरळ वर जातात, झपाट्याने वाढतात आणि त्यांची पकड सालीपुरतीच असते, वाऱ्यात मुळापासून सोलून निघतात. म्हणजे तारेचा त्रास दोन वर्षांत दुप्पट. खुंटाचं लाकूड झाडाला झाकता येत नाही, ते कुजतं आणि भिरूड लागतं. तुमचा भुसा तोच आहे. आत अळी आहे. भोक शोधून तारेने अळी काढा, आणि पावसाच्या आधी कृषी सहाय्यकाला दाखवा. ती मुख्य खोडात उतरली तर झाड जाईल.

योग्य काप असा. तारेकडे जाणारी फांदी जिथून निघते तिथपर्यंत मागे जायचं, आणि झाडाच्या आतल्या किंवा तारेपासून लांब जाणाऱ्या फांदीच्या जोडावर ती काढायची. राहणारी फांदी काढलेल्या फांदीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकी जाड हवी, म्हणजे रस तिच्याकडे वळतो आणि धुमारे कमी येतात. जोडापाशी सालीची सुरकुतलेली, जराशी फुगीर कड दिसते. ती कड कापायची नाही आणि तिच्यापुढे खुंटही ठेवायचा नाही. जड फांदी असेल तर आधी जोडापासून हातभर पुढे खालून अर्धवट काप, मग त्याच्याही जरा पुढे वरून काप, फांदी पडली की शेवटी कडेलगत खुंट काढायचा. नाहीतर पडणारी फांदी खोडाची साल खालपर्यंत फाडत नेते. जखमेला बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, लोखंडी भांडं वापरायचं नाही.

कलमाच्या फांदीबद्दल: फळ उतरलं की लगेच, पावसाआधी छाटणी केली तर झाडाला सावरायला पूर्ण पावसाळा मिळतो. त्यामुळे तिचं अंतर आज चांगलं असेल तर मे अखेर ठीक. आज तारेला लागत असेल किंवा हातभरावर असेल तर कैऱ्यांकडे बघू नका.

---

निवृत्त वायरमन (दापोली)

"चांगलं अंतर" म्हणजे किती, हे सांगायला हवं. जंगलातून लाइन नेताना केंद्राच्या नियमावलीत तार आणि झाड यांत 11 केव्हीला 2.6 मीटर, 33 केव्हीला 2.8 मीटर, 132 केव्हीला 4 मीटर आणि 220 केव्हीला 4.6 मीटर अंतर धरलं आहे. आगराला हाच मोजमापाचा आधार घ्या. पण ते अंतर कायम राहिलं पाहिजे, छाटणीच्या दिवसापुरतं नव्हे. वर्षभराची वाढ त्यात मिळवा. वाऱ्याने फांदी हलते आणि तारही झुलते, ते मिळवा. मे महिन्याच्या दुपारी ऊन आणि लोड दोन्हींनी तार तापते, लांबते आणि झोळ खाली उतरतो. सकाळी थंडीत बघितलेलं अंतर दुपारी तेवढं नसतं. दोन पोलांच्या बरोबर मधे झोळ आणि झोका दोन्ही सगळ्यात जास्त, तिथली फांदी पोलाजवळच्या फांदीपेक्षा जास्त मागे घ्यायची.

आणि हे अंतर स्वतः मोजायला टेप, काठी, घळ काहीही वर नेऊ नका. लांब उभं राहून फोटो काढा. अंदाज वायरमन देईल.

माड तारेपासून लांब असला तरी निर्धास्त होता येत नाही, उंचीएवढ्या अंतरात तो पडू शकतो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे तारेखालच्या झाडांनी तर लाइन पाडलीच, पण मागच्या रांगेतले माड-पोफळीही येऊन पडले आणि पोल पिळून निघाले. म्हणून सरसकट सगळे माड तोडा असं मी म्हणणार नाही, ते चुकीचं होईल. बुंध्याशी मुळं उघडी पडलेली, भुंग्याने कोंब पोखरलेला, खोडातून तांबूस चीक गळणारा, लाइनकडे कललेला, एवढेच बघा. सरळ, सशक्त माड राहू द्या, ते वारा अंगावर घेतात.

---

ठाणेकर

वाचून एक जोड देतो. आमच्या सोसायटीत गुलमोहराची फांदी केबलवर होती. शहरात, नगरपालिका-महापालिका हद्दीत, महाराष्ट्राचा 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन कायदा लागू आहे आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गावाकडे तसं काही नसतं ना?

---

कलमवाला (देवगड)

गावाकडे 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, साग, जांभूळ, चिंच अशी झाडं आहेत. तो रायवळ मुळापासून तोडायचा झाला तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी लागेल. पण ताई, तो तोडायची वेळ येऊ नये. नीट छाटला तर रायवळ तारेच्या शेजारी आणखी एक पिढी काढेल.

---

आगरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. गुरं त्याच संध्याकाळी हलवली. सासऱ्यांना वायरमनकाकांचा पूर्ण मजकूर वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, नारळ रुजत घाला. तेरा नारळ निवडून ठेवलेत. सातबाऱ्याचे जुने उतारे काढायला मुलगा तलाठी कार्यालयात गेला आहे. अर्ज पोलच्या नंबरासह दिला, पोच मिळाली.

दोन गोष्टी राहिल्या. पोलला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेवर गुळवेल चढून पार वर पोचली आहे, ती मी खालून कापली तर चालेल का? आणि माडाच्या जागी काय लावू? ती पट्टी रिकामी ठेवली तर गवत आणि रानटी झुडपं माजतील.

---

निवृत्त वायरमन (दापोली)

गुळवेल तुम्ही कापू नका. ताणाच्या तारेत मधे एक इन्सुलेटर असतो, वरची वीज ताणावर आली तर खाली माणसापर्यंत पोचू नये म्हणून. हिरवी वेल त्याला वळसा घालून वरपासून खालपर्यंत ओली वाट करून देते. त्यामुळे तो ताणही जिवंत समजा, गुरं त्याला अंग घासणार नाहीत असं बघा. लाइन बंद होईल त्याच दिवशी वेल बुडाशी कापून घ्या आणि वरचा भागही त्यांच्याकडून उतरवून घ्या. बूड तोडून वर लटकत ठेवलेली वेल पावसात पुन्हा ओली होते, आणि गुळवेल तर तुटल्यावरही हवेतून मुळं खाली सोडते.

अर्जात आज आणखी एक ओळ वाढवून द्या: माड, रायवळ, कलम आणि वेल ही चारही कामं एकाच परमिटमध्ये. वेगवेगळी बोलावली तर वाडीला चार दिवस अंधार.

---

कलमवाला (देवगड)

लावण्याबद्दल. रस्त्यापासून आत, उघड्या तारेच्या 11 केव्ही लाइनची जमिनीपासून उंची नियमाने कमीत कमी 4.6 मीटर असते. त्यातून 2.6 वजा केले तर तारेखाली दोन मीटरच उरतात. प्रत्यक्षात तार बहुधा आणखी उंच असते, पण हिशेब या दोन मीटरवरच धरा.

म्हणजे हळद, आलं, सुरण, अननस, अबोली, मोगरा. कडेला करवंदाचं कुंपण, ते दरवर्षी जमिनीवर उभं राहून छाटता येतं. लिंबू लावायचं तर तारेच्या सरळ खाली नको, तीन-चार मीटर बाजूला. कोकम नको, दिसायला शांत पण उंच जातं. शेवगा अजिबात नको, वर्षात तारेला भिडतो आणि ठिसूळ असल्याने वाऱ्यात मोडून तारेवरच पडतो. बांबू, गिरिपुष्प, सुरू यांचंही तेच. केळीची पानंही खालच्या घरगुती लाइनला लागतात. नवे माड 7.5 मीटर अंतराने, आणि पहिली ओळ लाइनपासून निदान दहा मीटर आत धरा.

---

आगरवासी

शाखा कार्यालयातून फोन आला होता. पुढच्या मंगळवारी सकाळी नऊ ते एक लाइन बंद ठेवतो म्हणाले, चारही कामं एकत्र. पाडेलीशी बोलणं झालं. अर्थिंगची साखळी दोन्ही बाजूंना लावलेली त्याला स्वतःला बघायची आहे. वाडीतल्या दोन घरांत जनरेटर आहेत, त्यांना आज जाऊन सांगून आले, त्या दिवशी सकाळी पुन्हा जाईन. माडाचं खोड आम्ही घेऊ शकतो ना? सासऱ्यांना गोठ्याला वासे हवेत.

---

निवृत्त वायरमन (दापोली)

झाड तुमचं, खोडही तुमचंच. पंचनामा होऊन सही झाल्याशिवाय मात्र ओंडके करू नका, आणि पंचनाम्यात झाडाचं वय, उंची आणि वर्षाचे नारळ लिहून घ्या. खोड पाखाडीवर आडवं पडू देऊ नका, दोर लावून आगराच्या बाजूला ओढून पाडा. लाइन पुन्हा चालू करण्याआधी पाडेली, मजूर, कोयते, दोर आणि शिड्या सगळं खाली आणि बाहेर आलं का ते पाडेलीकडून आणि वायरमनकडून, दोघांकडून वेगवेगळं विचारून घ्या.